थांबायची ठिकाणं

पहिलं, घड्याळवाल्यासमोर.
घरातून निघून सव्वाशे पावलं झाली की
ह्यांच्या उजव्या पोटरीत कुणीतरी पिळा घालतं,
आणि हे काचेतली घड्याळं बघत उभे राहतात,
जणू आज एखादं घेणारच.
पोटरी सुटते. चालतात.

दुसरं, कन्ना चौकाच्या अलीकडे,
शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान.
तिथं एकदा लाजेखातर सुया घेतल्या.
पुढच्या आठवड्यात पुन्हा सुया.
आमच्याकडे मशीन नाही.

तिसरं, लग्नपत्रिकांचं.
तिथला पोरगा म्हणतो, आत बसा की काका, कुणाचं लग्न?
हे म्हणतात, बघू अजून.

चौतीस वर्षं चार मागांमधून येरझाऱ्या घातल्या ह्यांनी.
एका पाळीत किती कोस होत असतील,
कुणी मोजलं नाही.
ताण्याचा एक धागा तुटला की माग आपसूक थांबायचा,
हे गाठ मारायचे, माग चालू.
एवढंच माहीत होतं थांबण्याबद्दल.

सिव्हिलच्या केसपेपरवर: राजेशम येलदी, अठ्ठावन्न.
घरी आम्ही पिक्का म्हणतो, डॉक्टरांपुढे पोटरी म्हटलं.
त्यांनी जांघेत थंड मलम लावून
पेनाएवढं यंत्र टेकवलं:
फुस्स, फुस्स, चांगलं जोरात.
गुडघ्यामागं जरा दमून.
घोट्यापाशी नुसती खरखर,
रात्री स्टेशन बंद झाल्यावर रेडिओ करतो तशी.

ह्यांना मागाच्या खडखडाटानं ऐकू कमी येतं.
मोठ्यानं विचारलं, काय म्हणतंय गं?
मी म्हटलं, चालू आहे.

नळ्या आतून भरत आल्यात, डॉक्टर म्हणाले.
विडी बंद. आणि चालायचं.
दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं.
दिवसाला किती ओढायचात?
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.
हिशेब माझ्याकडे होता.

हजार विड्या, चाळीस कट्टे, रोजचे.
चेकर कट्टा अंगठ्यानं दाबतो,
पोकळ निघाली, तोंड नीट मिटलं नसलं
की छाट, पैसे गेले.
म्हणून बिघडलेल्या मी घरीच निवडून ठेवायचे
आणि ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकायचे.
फुकट जाऊ नयेत.
नवीन लग्न होतं तेव्हा पुष्कळ बिघडायच्या.
पुढं हात बसला,
तरी काही मुद्दाम बिघडवायचे.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

सोलापूरचा मे.
रात्री एकलाही भिंतीला हात लावला तर भाजतो.
हे बाजेवर, उजवा पाय खाली सोडलेला,
खाली सोडला की जरा उतार पडतो म्हणतात.
मी खाली चटईवर.
पाय माझ्या तोंडासमोर.
नडगीवर एक केस नाही,
कातडी पॉलिस्टरसारखी चकचकीत.
हात लावला,
ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या पानांइतका गार.
सगळ्या गल्लीत तेवढीच गार वस्तू.
मी दोन्ही तळव्यांत धरून ठेवला.
तळव्यांना तंबाखूचा वास होता,
साबणानं जात नाही तो.

विडी मी अजून वळते.
गोळ्या त्यातूनच येतात, दुसरं काय येतं मला?
फक्त बिघडलेली आता उकलते.
दोरा सोडायचा, पान उलगडायचं,
तंबाखू परत सुपात.
हे समोर बसून बघतात. काही बोलत नाहीत.
मीही नाही.

काल फिरून उशिरा आले.
म्हणाले, आज घड्याळवाल्यापाशी थांबावंच लागलं नाही,
सरळ पुढे गेलो.
खुशीत होते.
मी तोंडाकडे बघत राहिले.
दवाखान्यात मी ‘चालू आहे’ म्हटलं होतं,
तोच आवाज.

मग खिशातून सुयांची पुडी काढून
कोनाड्यात ठेवली,
बाकीच्या पुड्यांवर.